किनाऱ्यावरून शार्क गरवायचाय? मग आधी सोडायची तयारी करा

किनाऱ्यावर उभं राहून शार्क पकडता येतो, बोट लागत नाही, हे एकदा कळलं की माणूस लगेच मोठा गळ आणि जाड दोरी शोधायला लागतो. माझं म्हणणं असंय की सुरुवात तिथून करूच नका. शार्क गळाला लागणं हा यातला सोपा भाग आहे, ताजं आमिष बरोबर ठिकाणी पडलं की तो आज ना उद्या येतोच. कस लागतो त्यानंतर, जेव्हा मीटर-दीड मीटरचा, सँडपेपरसारख्या कातडीचा, दातांनी भरलेल्या तोंडाचा जिवंत प्राणी गुडघाभर पाण्यात तुमच्यासमोर असतो आणि त्याला मिनिटभरात धडधाकट परत पाठवायचं असतं. ते नीट जमणार असेल तरच बाकीचं करायला अर्थ आहे, म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबानं लिहिलंय, की कुठलं सामान घेतलं, कुठे उभे राहिलात, कसं ओढलंत याचा शेवट मासा जिवंत परत जाण्यात झाला पाहिजे.

इतका आग्रह का, तर शार्क हा बांगड्यासारखा लाखांनी अंडी घालणारा मासा नाही. ब्लॅकटिप शार्कची मादी दहा ते बारा महिने पिल्लं पोटात वाढवते आणि एका वेळी देते किती, तर साधारण चार ते सात, तेही वर्षाआड. सँडबार शार्कला वयात यायलाच दहा-बारा वर्षांच्या वर लागतात. आणि २०२१ मधे 'नेचर' या शास्त्रीय मासिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकट मिळून त्यांची संख्या १९७० पासून जवळपास ७१ टक्क्यांनी घटलीय, कारण मुख्यतः बेसुमार मासेमारी. तिथे आपल्या हौसेची भर पडायला नको एवढंच.

नियम आधी बघा, सामान नंतर

प्रत्येक देशाचे, कधी कधी तर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. काही ठिकाणी किनाऱ्यावरून शार्कसाठी गळ टाकायला परवाना लागतो, काही किनाऱ्यांवर पूर्ण बंदी असते, काही जाती कुठल्याही परिस्थितीत ठेवता येत नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं उदाहरण घ्या, तिथे १ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क पकडायचा असेल तर आधी एक ऑनलाइन कोर्स करावा लागतो आणि मग फुकट परवाना मिळतो, शिवाय किनाऱ्यावरून पाण्यात रक्त-मांस टाकून शार्कला बोलावायला बंदी, खरं आमिष असेल तर गळ स्टेनलेस स्टीलचा नसलेला सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोलसर गळ) पाहिजे, गळाला जोडलेली तार किंवा गळ झटकन कापता येईल असं हत्यार जवळ पाहिजे, आणि संरक्षित जातीचा शार्क लागला तर त्याचे कल्ले पाण्यातच राहिले पाहिजेत, त्याला सोडायला उगाच उशीर करायचा नाही. तुम्ही जगात कुठेही असा, तिथला कायदा काहीही म्हणो, हे नियम मला इतके पटतात की मी म्हणेन हेच आपले स्वतःचे नियम समजा. ग्रेट व्हाइटला दक्षिण आफ्रिकेनं १९९१ मधेच संरक्षण दिलं, भारतात व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली आहे. ड्रोननं आमिष लांब नेऊन टाकण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका, दक्षिण आफ्रिकेत मासेमारीसाठी ड्रोन वापरायला मनाई आहे आणि नवख्या माणसाला तसंही त्याची काही गरज नसते.

जायच्या आधी आपल्या भागात कुठल्या जाती येतात त्यांचे फोटो बघून ठेवा आणि ओळखायला शिका. रात्रीच्या अंधारात, लाटेत, टॉर्चच्या उजेडात हा कोण हे ठरवायला तुमच्याकडे चार-पाच सेकंद असतात, तेव्हा फोन काढून शोधत बसता येत नाही. पराचा रंग, पहिला पर किती पुढे आहे, दोन परांच्या मधे पाठीवर उंचवट्याची रेघ आहे का, तोंड बोथट की टोकदार, एवढं बघायची सवय लावली तरी पुष्कळ.

पहिला शार्क लहानच हवा

नामिबियाच्या स्केलेटन कोस्टवर लोक किनाऱ्यावरून शंभर किलोच्या वरचे ब्राँझ व्हेलर पकडतात आणि सोडतात, बघायला जबरदस्त वाटतं, पण ते नवशिक्याचं काम नाही. सुरुवात मीटरभराच्या, फार तर दीड मीटरच्या शार्कपासून करा. शार्पनोज, स्मूथहाउंड, लहान ब्लॅकटिप, जिथे जे असेल ते. हे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, मध्यम सामानात आवरतात आणि एका जोडीदाराच्या मदतीनं सोडता येतात. बुल शार्क, टायगर, मोठा लेमन यांच्या मागे सुरुवातीला लागूच नका. आणि हॅमरहेड मुद्दाम पकडायचा विचार डोक्यातून काढून टाका, कारण हा मासा गळावर इतका जीव तोडून झगडतो की रक्तात लॅक्टेट, म्हणजे थकव्यानं साचणारं रसायन, खूप वाढतं, सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो, आणि ग्रेट हॅमरहेड तर आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलाय. चुकून लागलाच तर फोटो नाही, मोजमाप नाही, जवळ आला की तार कापायची.

रॉड, रील, लाइन

इथे एक समज आधी मोडायला हवा. हलक्या सामानावर मोठा मासा काढणं म्हणजे कौशल्य असं बऱ्याच जणांना वाटतं, इतर माशांच्या बाबतीत ठीक असेल, शार्कच्या बाबतीत तो छळ आहे. जेवढी झुंज लांबते तेवढा मासा सोडल्यावर वाचायची शक्यता कमी होते. म्हणून सामान गरजेपेक्षा एक पायरी जड घ्या.

मीटर-दीड मीटरच्या माशासाठी १० ते १२ फुटांचा सर्फ रॉड, जो १५०-२०० ग्रॅमचं वजन फेकू शकेल, आणि ८००० ते १४००० साइझचं चांगल्या ड्रॅगचं (मासा ओढतो तेव्हा लाइन किती ताणावर सुटेल हे ठरवणारा रीलमधला ब्रेक) स्पिनिंग रील पुरतं. त्यावर ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) लाइन, कमीत कमी ३०० मीटर, कारण पहिल्या धावेत शंभर मीटर गेली तर काळजाचा ठोका चुकायला नको. ब्रेडच्या पुढे आठ-दहा मीटर जाड मोनो, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, जोडा, ८० ते १०० पौंडांची, जोडायला एफजी नॉट नावाची बारीक गाठ सगळ्यात चांगली कारण ती रॉडच्या कड्यांमधून अडखळत नाही. या मोनोचं काम दुहेरी आहे. शार्कची कातडी म्हणजे लाखो बारीक दातांसारखे खवले असतात, त्यावर नुसतं ब्रेड घासलं की संपलं, आणि दुसरं म्हणजे फेकताना ब्रेड बोट कापतं, मोनो कापत नाही.

ड्रॅग अंदाजानं ठेवू नका. रॉड पकडून लाइनच्या टोकाला साधा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून जोडीदाराला ओढायला सांगा आणि लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्श्याला ड्रॅग सुटेल असं घट्ट करा. ६५ पौंडाची लाइन म्हणजे साधारण ३० किलो, तर ड्रॅग सात किलोच्या आसपास. सात किलो ऐकायला कमी वाटतं, प्रत्यक्षात १२ फुटी रॉडच्या टोकाला ते धरून ठेवताना कंबर बोलायला लागते.

लीडर, म्हणजे सगळा खेळ

लीडर, म्हणजे मेन लाइन आणि गळ यांच्या मधला मजबूत तुकडा, घरी बसून, उजेडात, शांतपणे बनवा. किनाऱ्यावर वाऱ्यात आणि ओल्या हातांनी बनवलेला लीडर नेमका चांगल्या माशाला दगा देतो.

गळापासून सुरुवात करा. इनलाइन सर्कल हुक, म्हणजे ज्याचं टोक दांड्याच्या रेषेतच आत वळलेलं असतं, बाजूला झुकलेलं नसतं. साइझ ८/० ते १२/०, साध्या स्टीलचा, स्टेनलेस नको कारण कधी तो माशाच्या तोंडात राहिलाच तर साध्या स्टीलचा गंजून पडायची आशा तरी असते. टोकाजवळचा काटा पकडीनं दाबून सपाट करून टाका. लोक म्हणतात काटा दाबला तर मासा सुटतो, पण लाइन ताणलेली ठेवली तर सर्कल हुक जबड्याच्या कोपऱ्यातून सहसा निसटत नाही, आणि काढताना एका झटक्यात निघतो, हा फायदा फार मोठा आहे. काटा दाबलेला गळ तुमच्या स्वतःच्या हातात घुसला तरी तोच फायदा.

गळाला ४५ ते ६० सेंटिमीटर केबल, बारीक तारांची पीळ दिलेली, दातांसाठी. त्याच्या पुढे स्विवेल, म्हणजे गरगर फिरणारी जोडकडी, मग दीड-दोन मीटर जाड मोनो, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, ही कातडी आणि शेपटीच्या फटक्यांसाठी. मग परत एक दणकट स्विवेल, तिथे मेन लाइनची मोनो बांधायची. पूर्ण तारेचा लीडर करू नका, एक तर तो फेकताना गुंडाळतो आणि दुसरं म्हणजे तारेला कुठे बाक पडला की तिथेच तुटते.

क्रिम्प करताना, म्हणजे धातूची छोटी नळी (स्लीव्ह) दाबून जोड पक्का करताना, थोडा वेळ द्या. केबल स्लीव्हमधून घाला, गळाच्या डोळ्यातून फिरवून परत स्लीव्हमधे आणा, टोक बाहेर अगदी जेमतेम दिसेल इतकंच ठेवा. आता क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबायचं ते मधे, स्लीव्हच्या दोन्ही कडा किंचित मोकळ्या सोडून. कडेपर्यंत दाबलं तर कडेची धार केबलच्या तारांमधे रुतते आणि ताण आला की तिथून एकेक तार तुटत जाते, वरून काहीच दिसत नाही. मोनोच्या बाबतीत टोक लायटरनं हलकंसं वितळवून त्याचा छोटा मणी करा म्हणजे ते स्लीव्हमधून मागे सरकत नाही. मग गळ एखाद्या खिळ्याला अडकवा, दुसरं टोक पक्कडीला गुंडाळा आणि शरीराचं वजन टाकून ओढा. इथे सुटलं तर बरंच झालं.

वजन मोठ्या स्विवेलच्या वर मेन लाइनवर सरकतं ठेवा, १५० ते २०० ग्रॅम, तारेचे पाय असलेलं शिसं असेल तर ते वाळूत धरून बसतं आणि प्रवाहात आमिष वाहून जात नाही. ते एका कच्च्या दोऱ्यानं जोडा म्हणजे दगडात अडकलं तर वजन जातं, मासा लीडरसकट अडकून पडत नाही.

लीडरसोबत जे घरून न्यायचंच, ते म्हणजे लांब दांड्याचा डीहुकर (तोंडातून गळ काढायचं हत्यार), गळ कापेल इतका मजबूत बोल्ट कटर, लांब पक्कड, जाड हातमोजे, हेडलॅम्प आणि तोही सुट्ट्या बॅटरीसह, मोजपट्टी, आणि प्रथमोपचाराची पेटी ज्यात रक्त थांबवायचा टूर्निकेट असेल. हे सगळं एका बादलीत घालून रॉडच्या शेजारी ठेवायचं, गाडीत नाही. बोल्ट कटर घरी राहिला असेल तर त्या दिवशी शार्कसाठी लाइन टाकू नका, मला हे अगदी मनापासून वाटतं.

आमिष

ताजं, तेलकट, रक्ताळलेलं. बोय, बांगडा, कुपा, जो मासा त्या किनाऱ्याला त्या दिवसांत फिरतोय तोच उत्तम, कारण शार्क त्याच्याच मागे आलेला असतो. जमलं तर तिथेच लहान गळावर पकडा किंवा बर्फात ठेवलेला ताजा घ्या. पुन्हा पुन्हा गोठवून लिबलिबीत झालेला मासा फेकताना गळावरून उडून जातो.

लहान शार्कसाठी अख्खा मासा लागत नाही. बोय तिरका कापून दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा करा, किंवा डोकं आणि त्यामागचा थोडा भाग घ्या, डोकं खेकड्यांना जास्त वेळ पुरतं. गळ कातडीच्या कडेतून एकदाच आरपार काढा आणि टोक व वाक पूर्ण उघडा ठेवा, हे फार महत्त्वाचं, कारण सर्कल हुकचा वाक मांसानं भरला तर तो जबड्यावर फिरून बसूच शकत नाही. वरून इलॅस्टिक दोऱ्याचे चार वेढे द्या. वीस मिनिटं-अर्ध्या तासानं आमिष बदला, पाण्यात रक्त आणि तेल धुऊन गेलं की उरतं ते नुसतं पांढरं मांस, त्याला वास राहत नाही. जुनं आमिष पाण्यात फेकू नका, पिशवीत घालून परत आणा.

कुठे आणि केव्हा

ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन नुसतं चालून या, रॉड न घेता. पाणी गेल्यावर तळ उघडा पडतो, कुठे वाळूचा उंचवटा आहे, कुठे किनाऱ्याला समांतर खोलगट पट्टा आहे, कुठे त्या उंचवट्याला खिंड पडलीय जिथून पाणी बाहेर जातं. हे लक्षात ठेवा किंवा फोटो काढून ठेवा. भरती आली की हेच सगळं लाटांवरून ओळखता येतं, उंचवट्यावर लाट पांढरी फुटते आणि खोल पट्ट्यावर पाणी गडद आणि शांत दिसतं. शार्क याच खोल पट्ट्यातून किनाऱ्याला समांतर फिरतो आणि आत-बाहेर करायला ती खिंड वापरतो. म्हणजे आमिष लांब फेकणं हे ध्येयच नाही, पुष्कळदा तो पट्टा तीस-चाळीस मीटरवरच असतो आणि जोर लावून ऐंशी मीटर फेकणारा माणूस माशाच्या डोक्यावरून फेकत असतो. एक लाइन पट्ट्यात, दुसरी खिंडीच्या तोंडाशी, दोनपेक्षा जास्त रॉड मात्र लावू नका, कारण मासा लागला की बाकीच्या लाइन गुंडाळायला माणूस लागतो.

वेळ भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचे पहिले दोन, पाणी हलतं पाहिजे, थांबलेल्या पाण्यात वास पसरत नाही. लहान माशांचे थवे काठाला उसळत असतील, पक्षी सूर मारत असतील तर तिथेच थांबा. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत शार्क जास्त जवळ येतो हे खरंय, तरी सुरुवातीला दुपारी उशिरा जाऊन अंधार पडायच्या आत आवरायचं असं ठेवा, मासा सोडण्याची सवय उजेडात लागली की मग रात्री जा.

आणि माणसं पोहत असतील, सर्फिंग करत असतील, मुलं काठाशी खेळत असतील तर तिथे शार्कसाठी लाइन टाकायची नाही. कायदा परवानगी देत असला तरी नाही. निर्जन पट्टा शोधा, आणि तुम्ही बसल्यावर लोक पाण्यात उतरले तर तुम्ही उठा. कुणी येऊन विचारलं काय चाललंय, तर नीट सांगा, किनारा सगळ्यांचा आहे.

लागला, आता

रॉड उभा ठेवायचा पाइप वाळूत दोन-अडीच फूट खोल रोवा, वरवर खोचलेला पाइप रॉडसकट समुद्रात जातो. ड्रॅग थोडा सैल ठेवा, इतका की मासा ओढेल तेव्हा लाइन सुटेल पण लाटेनं सुटणार नाही. रॉडचं टोक टकटक हलतंय तर तो खेकडा किंवा बारीक मासा, त्याकडे धावू नका. शार्कचं तसं नसतं, टोक एकदा दोनदा वाकतं आणि मग रीलचा आवाज जो सुरू होतो तो थांबतच नाही.

या क्षणी सगळ्यात मोठी खोड म्हणजे रॉड उचलून जोरात हिसका मारणं. सर्कल हुकला हिसका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड पाइपमधून काढा, टोक माशाच्या दिशेला खाली ठेवा, ड्रॅग हळूहळू ठरवलेल्या जागी आणा, लाइन ताणली की फक्त गुंडाळायला लागा. मासा वळतो, गळ घसरत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि आपोआप बसतो. मासा धावत असताना रीलवरून सुटणाऱ्या लाइनला हात लावू नका.

पहिली धाव जाऊ द्या, थांबवायचा प्रयत्न नको. नंतर रॉड हळू वर, खाली आणताना गुंडाळणं, असं करत राहा, रॉड अगदी उभा करू नका, बाजूनं ताण दिला की माशाचं डोकं वळतं आणि तो लवकर येतो. मासा किनाऱ्याला समांतर पळाला तर तुम्हीही त्याच्याबरोबर काठानं चाला. ब्लॅकटिप आणि स्पिनर पाण्याबाहेर उडी मारतात, स्पिनर तर हवेत गरगर फिरतो, उडी मारली की रॉड खाली करा. कधी कधी लाइन एकदम ढिली पडते आणि वाटतं सुटला, दर वेळी सुटलेला नसतो, तुमच्याच दिशेनं येत असतो, वेड्यासारखं गुंडाळा. आणि काही झालं तरी कमरेइतक्या पाण्यात जाऊन झुंज द्यायची नाही, घोट्याच्या वर पाणी गेलं की मागे या. दीड मीटरच्या माशाला पंधरा मिनिटांच्या वर लागत असतील तर सामान हलकं आहे किंवा ड्रॅग सैल आहे, पुढच्या वेळी बदला.

काठाशी

एकट्यानं शार्क पकडायला जाऊ नका, दोघं तर हवेतच, तिघं असतील तर उत्तम. एकाच्या हातात रॉड, दुसऱ्याच्या हातात लीडर आणि हत्यारं, कुणी काय करायचं हे मासा लागायच्या आधी बोलून ठेवा.

शेवटच्या उंचवट्यावर मासा अडतो, तिथे बळ लावून खेचू नका. लाट आत येते तेव्हा गुंडाळा, परत जाते तेव्हा नुसतं धरून ठेवा, दोन-तीन लाटांत तो स्वतःच आत येतो. लीडरवाल्यानं हातमोजे घालून लीडर धरायचा, हाताला कधीही गुंडाळायचा नाही, मासा परत फिरला तर उघड्या मुठीतून जाऊ द्यायचा. जवळ जायचं ते नेहमी मागून आणि बाजूनं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, हाडांचा नाही, त्यामुळे तो वळून स्वतःच्या शेपटीपर्यंत तोंड नेऊ शकतो, शेपटी धरली म्हणजे आपण सुरक्षित असं अजिबात नाही. लीडर ताणलेला ठेवला की डोकं एका दिशेला राहतं.

मासा नडगीभर ते गुडघाभर पाण्यातच ठेवायचा, कल्ले पाण्याखाली. कोरड्या वाळूवर ओढू नका, कारण शार्कच्या आतल्या अवयवांना सांभाळायला बरगड्यांचा पिंजरा नाही, पाण्यात ते वजन पाणी पेलतं, बाहेर काढलं की त्याच्याच वजनानं आत चेंगरतं. शेपटीला धरून लटकवणं, त्याच्यावर बसणं, कल्ल्यात बोटं घालणं, गॅफ (टोकदार आकडा) मारणं, यातलं काहीही करायचं नाही. उलटा केला की शार्क निपचित पडतो हे बऱ्याच जणांनी पाहिलंय आणि तो शांत झाला असं समजतात, ती त्याच्या शरीराची एक प्रतिक्रिया आहे, त्याचा ताण गेलाय असा अर्थ नाही.

डीहुकर लीडरवरून सरकवत गळाच्या वाकापर्यंत न्या, खाली ढकला, फिरवा, काटा दाबलेला असेल तर लगेच निघतो. दहा-पंधरा सेकंदांत नाही निघाला तर बोल्ट कटरनं गळच कापा. गळ खोल गिळलेला दिसला तर आत हत्यार घालू नका, तार जितकी जवळून कापता येईल तितकी कापा. फोटो काढायचा तर गळ काढत असतानाच तिसऱ्यानं काढायचा, फोटोसाठी वेगळा वेळ नाही. मी म्हणेन पहिल्या शार्कच्या वेळी फोन खिशातच ठेवा.

मग तोंड समुद्राकडे. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पाठीच्या पराजवळ, आणि पुढे ढकलत खोल पाण्याकडे चाला. तोंडातून पाणी आत गेलं पाहिजे आणि कल्ल्यांमधून बाहेर, म्हणून दिशा फक्त पुढची, मागे-पुढे हलवलं तर उलटं पाणी कल्ल्यांत शिरतं. हाताखाली शेपटी सुरुवातीला सैल असते, मग एकदा मंद वळते, मग कडक होते, आणि एका झटक्यात हातातून निघून जाते. तो झटका येईपर्यंत सोडू नका. सोडल्यावर मिनिटभर पाणी बघत राहा, पोट वर करून परत आला तर पुन्हा तेच करायचं.

पाण्यात शिरताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत चाला, पाकट असेल तर सरकून जाते. तिचा काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टर गाठा. शार्कचा दात ओझरता लागला तरी जखम खोल असते, दाबून धरा, रक्त उडत असेल तर टूर्निकेट बांधून सरळ हॉस्पिटल.

मासा गेल्यावर लगेच दुसरं आमिष टाकायची घाई असते, थांबा. लीडर बोटांनी पूर्ण चाचपा, मोनो खरवडली गेलीय का, केबलची एखादी तार उभी राहिलीय का, क्रिम्प सरकलाय का, गळ उघडलाय का. यातलं काही एक जरी असेल तर तो लीडर पिशवीत आणि नवा लावा, शेवटच्या दोन-तीन मीटर मोनोवरही हात फिरवा, खरखरीत लागली तर तेवढी कापून परत गाठ मारा. घरी आल्यावर रील आणि रॉड गोड्या पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा नाहीतर वॉशर दबून राहतात, आणि बोल्ट कटर धुऊन, पुसून, तेलाचा हात मारून परत त्याच बादलीत ठेवा.